आखाड्यातली माती आणि कुदळताई

तालमी कौलारू होत्या तेव्हाची गोष्ट. एका आखाड्यातल्या तांबड्या मातीवर कुदळीची फार माया होती.

"कुदळताई, रोज खणतेस, अंग ठणकतं गं माझं," माती कण्हली. "वस्ताद ओततात ते तेल-ताक पुरे मला."

कुदळ घाबरली आणि खणायचीच थांबली. चार दिवसांत ताक वरच आंबलं, माती दगड झाली.

"हिच्यावर हाडं मोडतील. उद्या उपसून टाकू," वस्ताद म्हणाले.

"ताई, खण!" माती रडकुंडीला आली.

"दुखेल हं."

"दुखू दे. मग तेल-ताक पिऊन जरा निवांत पडू दे, म्हणजे झालं."

कुदळीनं रात्रभर खणलं, तेल-ताक आत मुरलं. दुसऱ्या दिवशी माती लोण्यासारखी मऊ लागली. वस्तादांनी मूठभर उचलली आणि "जोर-बैठका नकोत, नुसता खुराक द्या" म्हणणाऱ्या सदबा पैलवानाच्या दुखऱ्या दंडाला चोळली.

"मला काय सांगतोस लेका? हिला विचार!"