न मारलेली हाक

ऐन उन्हाळ्यात चंद्रपेठचा राजा विक्रांतसेन हटून बसला. मंगळवारचा बाजार नदीकाठच्या आमराईत भरायचा, तो म्हणे पुढच्या महिन्यापासून राजवाड्याच्या चौकात भरवा! का, तर महाराजांना जांभळं, करवंदं, खरबुजं ताजी हवीत, पण उन्हात पाऊल टाकायचं नाही. चौकातल्या तापल्या फरशीवर पालेभाजी घटकाभरात माना टाकणार, आणि पहारेकऱ्यांच्या भाल्यांपुढे घासाघीस करायला कोण बाई धजणार? बाजार बुडणार हे सगळ्यांना दिसत होतं. राजाला सांगणार कोण?

सगुणी गेली. तिचा बाप नदीच्या वाळूत खरबुजं पिकवायचा, विकायचं काम हिचं. आमराईतली मजा एकदा पायी येऊन बघा आणि मग ठरवा, असं तिनं राजाला तोंडावर सांगितलं. राजा मिशीतल्या मिशीत हसला.

"मला तिथं आणून दाखव. पण उचलायचं नाही, ओढायचं नाही, आणि बोलवायचंही नाही. माझ्या पायांनी आलो, तर बाजार तिथंच राहील."

मंगळवारी सकाळी सगुणीनं खरबुजांची पाटी राजवाड्याच्या ऐन उंबऱ्यावर मांडली. वास थेट आत गेला. राजा बाहेर आला, चौकात उतरून तिच्यासमोर उभा राहिला, एक खरबूज हुंगलं नि भाव विचारला. तिनं सांगितलेला भाव ऐकून दिवाणजींना ठसकाच लागला. राजानं निम्म्यानं मागितलं. तिला परवडेना. राजा जरा वर चढला, ती तसूभर खाली येईना. मग मात्र राजाला चेव चढला. बाजारात बायका काय करतात ते त्यानं पालखीतून पुष्कळदा पाहिलं होतं. त्यानं खरबूज पाटीत ठेवलं, "राहू दे तुझं तुला," म्हणाला, आणि पाठ फिरवून महादरवाजाकडे चालू लागला.

गिऱ्हाईक पाठमोरं झालं की विकणारीनं हाक मारायची, ही बाजाराची रीत. सगुणीच्या अगदी ओठांवर आलं, 'अहो या, घेऊन जा!' तिनं पदर दातांत गच्च धरला. राजा मुद्दाम रमतगमत चालला होता, कान मागं लावून. दरवाजाशी तो पागोटं सारखं करायच्या निमित्तानं थांबला. हाक नाही. आता परत फिरणं म्हणजे हार! तो तसाच बाहेर पडला. मागं छत्रीवाला नि दिवाणजी धावले. आता बोलावेल, मग बोलावेल, असं करता करता नदीकडचा उतार संपला, आणि समोर आमराई!

मग काय विचारता! एका म्हातारीनं चाखायला जांभळं दिली, राजाची जीभ जांभळी झाली. त्यानं करवंदांसाठी हुज्जत घातली, कैरी तिखटमीठ लावून खाल्ली, पन्हं प्यायलं, आणि काकडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मिळाल्या तर त्या दिवाणजींसमोर नाचवल्या.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेऊन सगुणी आली. तिला पाहिलं आणि राजाला आपण कुठं उभे आहोत ते उमगलं.

"लबाडे, हे तर बोलावणंच झालं!"

"नाही महाराज. मी बोलावलं असतं, तर तुम्ही तिथूनच परत फिरला असता."

राजा हसता हसता खाली बसला. बाजार आमराईतच राहिला, तिथं राजाच्या खर्चानं विहीर झाली, आणि सर्वांत दाट सावलीची जागा सगुणीला कायमची मिळाली. ते खरबूज राजानं तिथंच फोडून खाल्लं, आणि भाव मात्र तिचाच दिला.