दरडीकडे बघणारा डोळा

"सगळा कडा, आणि तोही क्षणोक्षणी... असं कॅमेऱ्याला का नाही दिसत, बाबा?"

शर्वाणी मुळ्येच्या पिशवीत पाने-पक्कड होती. घाटातल्या वळणावर तिनंच बसवलेला कॅमेरा ती आज उतरवायला आली होती.

दस्तगीरबाबा त्या वळणावरच्या दर्ग्याचे फकीर. सव्वीस वर्षं ते समोरच्या कड्याकडे तोंड करून बसत. दगड सुटला की लाल फडकं हलवून गाड्या थांबवत. हेच काम शर्वाणीचा कॅमेरा करणार होता. दगड दिसला की रस्त्यावरचा लाल दिवा लागायचा. "आता तुम्ही आराम करा," असं ती तेव्हा बाबांना म्हणाली होती.

"काय झालं ते सांग," बाबा म्हणाले.

"सगळा कडा धरला की कॅमेरा सेकंदाला दोनच फोटो घेतो. तीन फोटो जुळल्याशिवाय दगड आहे की कावळा, ते त्याला कळत नाही. दिवा उशिरा लागला... विठू झोरेंचा पाय गेला."

झोरे रोज सकाळी दूध घेऊन घाट उतरत.

"मग?"

"मग कड्याचा चिंचोळा पट्टाच धरला. सेकंदाला वीस फोटो. काल दगड पट्ट्याच्या बाहेरून आला. दिवा लागलाच नाही. खाली कोणी नव्हतं, म्हणून..."

बाबांनी कड्यावरची नजर हलवली नाही.

"रुंद बघावं तर उशीर होतो. भरभर बघावं तर बाजूचं सुटतं. तुम्हाला बरं सगळं दिसतं."

दर्ग्याशेजारच्या टपरीवरून तिनं दोन चहा आणले. बाबांच्या उजवीकडे बसून एक कप पुढे धरला.

बाबांचा हात पुढे आला नाही.

ती थांबली. कप आणखी जवळ नेला. बाबा समोरच बघत होते.

"बाबा... या डोळ्यानं...?"

"लहानपणीच गेला तो."

त्यांनी चाचपून कप घेतला. शर्वाणीनं आधी त्यांच्याकडे, मग कड्याकडे पाहिलं.

"मग उजवीकडचा निम्मा कडा तुम्ही बघताच कसा?"

"निम्मा बघतच नाही. उजवीकडे काय आहे, बघ."

तिनं पाहिलं. त्या बाजूला अखंड काळा कातळ होता. भेग नाही, झाड नाही.

"दोन वर्षं रस्ताभर हिंडलो. कुठला दगड कुठून सुटतो, ते पाहिलं. मग बैठक इथं आणली. जिथून काही पडत नाही, ती बाजू या डोळ्याला दिली."

शर्वाणीनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. पट्टा तिनं कड्याच्या मधोमध धरला होता. मधोमध का, असं तिला कोणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

"म्हणजे कातळ सोडायचा. भेगांचा भाग तेवढा धरायचा. सेकंदाला आठ-दहा फोटो मिळाले तरी पुरतील..."

तिचा आवाज जरा मोकळा झाला. मग पुन्हा खाली आला.

"आणि कातळातून कधी पडलाच नाही?"

"एकदा पडला."

"खाली कोणी होतं?"

"होतं."

वाऱ्यानं दर्ग्यावरचं निशाण फडफडलं. बाबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला...

"त्यानंतरही तुम्ही इथंच बसलात?" तिनं हळूच विचारलं.

"इथंच. फक्त मधूनमधून कातळाकडे मान वळवायला शिकलो."