माळजाईची उलटी फेरी

मंडळी, गोंधळू नका. तुम्ही रीतीप्रमाणे प्रदक्षिणेला निघालात आणि समोरून हे लोक तुमच्याच अंगावर चालून येताहेत, म्हणून थांबलात ना? विजयपाटणची बाकीची देवळं बघून आलेले पाहुणे या माळजाईच्या देवळात असेच बावचळतात. चूक कुणाचीच नाही. इथं शेवटची फेरी उलटी घालतात. मी इथला गुरव, पर्शराम. आमच्या घरात याची गोष्ट सांगतात ती अशी.

विजयपाटण राजधानी होती तेव्हाची गोष्ट. नवा राजा गादीवर बसला, त्या दिवशी सगळं शहर देवीच्या दर्शनाला लोटलं. तांबट आळीतली सगुणा आपल्या पाच वर्षांच्या भिवाचं बोट धरून आली होती. रेटारेटीत बोट सुटलं. ती गर्दीबरोबर फिरत राहिली, पण दिसत होत्या त्या नुसत्या पाठी. मग ती वळली आणि उलट चालू लागली.

एकच ओरडा झाला. अशा दिवशी उलटी प्रदक्षिणा म्हणजे राज्याला अपशकुन. शिपायांनी तिला अडवलं, पुजाऱ्याने देवीच्या कोपाची भीती घातली. ती म्हणाली, "देवी कोपली तर मी तिची समजूत घालीन. आधी मला माणसांची तोंडं बघू द्या."

राजाने तिला सोडायला सांगितलं म्हणे. कुणी म्हणतात, राजाने नव्हे, राणीने. भिवा मात्र सापडला नाही.

त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी ती यायची आणि उलटी फिरायची. केस पिकले, पाठ वाकली, तरी नजर लहान पोरांच्या उंचीवरच. पोर वाढलं असेल हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण वाढलेला भिवा दिसतो कसा, हे तिला कुठं ठाऊक होतं? बिचारीने शोधायचं तरी कुणाला?

एका वर्षी दूरच्या गावचा एक चाळिशीतला कोष्टी दर्शनाला आला. ही म्हातारी त्याला पुन्हा पुन्हा समोर भेटायची आणि खालीच बघत निघून जायची. तिचं काहीतरी पडलं असावं असं वाटून तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "आजी, काय शोधताय?"

त्याचं तोंड तिच्या नजरेसमोर आलं, भिवाच्या उंचीवर. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "सापडलं."

तो भिवाच होता का, हे मला विचारू नका. त्यालाही ते सांगता येईना. लहानपणी कोष्ट्यांना वाटेत सापडलो आणि त्यांनीच वाढवलं, एवढंच त्याला माहीत होतं. पण त्याने तिचे हात सोडवले नाहीत, आणि तिला घरी घेऊन गेला असं सांगतात.

आजही इथं शेवटची फेरी उलटी असते. समोरून एखादी म्हातारी बाई आली, की थांबून खाली वाकायचं. पाया पडायला नव्हे हं. तिला तोंड दाखवायचं, आणि तिचं बघून होईपर्यंत उठायचं नाही.