उणी राजकन्या

एका राज्यात बघणे हे पाप होते. ते काही आंधळ्यांचे राज्य नव्हते. डोळे सगळ्यांना होते, चांगले टपोरे होते. पण विकत घ्यायच्या मालावर ते टाकायचे नाहीत, अशी तिथली रीत. दुकानदाराने गाठोडे पुढे करावे, गिऱ्हाइकाने दाम द्यावा, गाठोडे काखोटीला मारून चालू लागावे. गाठ सोडून पाहणाऱ्याला लोक म्हणत, कुठल्या हलक्या घरचा आलाय हा! रीत पाडली ती राजा उदारसेनाने. तो म्हणे, "राजा देतो. राजा बघत नाही." राजा बघत नाही म्हणून प्रधान बघेना, प्रधान बघत नाही म्हणून शेटसावकार बघेनात, आणि शेवटी भाजीवालीपुढे बसलेल्या बाईलाही वांगे उलटून बघायची लाज वाटू लागली. कोणी कुरकुरलेच तर दरबारी मंडळी सांगत, झाकली मूठ सव्वा लाखाची. धर्माच्या गाईचे दात बघू नयेत, हे कोणीही कबूल करील. इथे विकतच्या गाईला तोंड आहे की नाही, तेही कोणी बघत नव्हते.

अशा गिऱ्हाइकांचा वास जादूगारांना लांबून येतो. राज्याच्या वेशीबाहेर, गवताची काडीही न उगवणाऱ्या खाऱ्या माळावर, तमाजी नावाच्या जादूगाराने बाजार मांडला. दुकान एकच, पण त्यात मिळत नाही असे काही नव्हते. सोनेनाणे मात्र तमाजी घेत नसे. त्याला माणसातले काहीतरी लागे: कोणाचा गळा, कोणाची झोप, कोणाची उमेदीची वर्षे. त्याच्या तराजूच्या दांडीला दोऱ्याने बांधलेली एक साळुंकी होती. प्रत्येक सौद्याआधी ती ओरडून सांगे, "बघून घ्या हो, बघून घ्या. दाम दिला की माल तुमचा आणि उणेही तुमचे. मालात जे नाही, ते तुमच्याकडेही राहणार नाही." तमाजीने कोणाला फसवले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. लोक साळुंकीचे ऐकत, मान डोलावत आणि न बघता दाम देत.

राजाने देवळासाठी घंटा घेतली. तिच्यात लोलक नव्हता. दाम दिला त्या क्षणी राज्यातल्या सगळ्या घंटा मुक्या झाल्या. राजाने मुदपाकखान्यासाठी मीठ घेतले. त्यात खारटपणा नव्हता. त्या दिवसापासून घरोघरची आमटी अळणी झाली, आणि लोक इतके सुसंस्कृत की अळणी आमटी ओरपून "वा, छान झाली आहे" म्हणत. घोडे घेतले, त्यांच्यात धाव नव्हती. मग पागेतले जुने घोडेही उभ्या उभ्या चारा खाऊ लागले. राजा म्हणाला, "डौलदार दिसतात." दिसत होते खरे.

या राजाची राणी गोमती. ती डोंगरापलीकडच्या लहानशा राज्यातली. तिचा बाप राजा असूनही स्वतः बाजारात बसून मडके वाजवून घेई, आणि कुंभाराला त्याचा राग येत नसे. लग्नात गोमतीने सवयीने पूजेच्या कलशाला टिचकी मारली. सासरचे सगळे हसले, सासूबाई हसल्या नाहीत. त्यानंतर राणीने पुन्हा कशालाही टिचकी मारली नाही. सासर म्हटले की मन मारून राहावे लागते, एवढे तिला शिकवून पाठवले होते.

त्यांना एकच लेक, केतकी. सहा-सात वर्षांची असताना तिला ताप भरला. वैद्यांनी हात टेकले. पोर डोळे उघडेना, तेव्हा राजाराणी दोघेही तमाजीच्या बाजारात गेले. मागे सगळा दरबार.

तमाजीने एक शिसवी डबी पुढे ठेवली. "राजकन्येचा जीव. दाम, महाराजांच्या आयुष्यातली दहा वर्षे."

साळुंकी ओरडली. राणीने डबीचे झाकण उघडायला हात पुढे केला.

"राणी," राजा हळूच म्हणाला, "इतक्या लोकांसमोर?"

राणीने हात मागे घेतला. आयुष्यभर तिला त्या हाताचा राग आला. राजाने दहा वर्षे दिली, आढेवेढे न घेता दिली. त्याची दाढी उभ्या जागी पांढरी झाली. बापाची माया खोटी नव्हती, तेवढे त्याचे त्याला दिले पाहिजे.

केतकी उठून बसली. जेवली, चालली, पाटीवर अक्षरे काढू लागली. राज्यात साखर वाटली. पण पोर हसेना, रडेना, आणि आईकडे पाही ती भिंतीकडे पाहावे तशी. राणीने पोटाशी धरले तर तिथेच उभी राही, सोडले की निघून जाई. डबीत जीव होता. माया नव्हती. आणि साळुंकीने सांगितले होते तसेच झाले. मालात जे नव्हते, ते लेकीतही उरले नाही.

राजा म्हणाला, "जिवंत आहे ना? मग झाले."

राणीचे मात्र तेवढ्याने झाले नाही. लेक डोळ्यांसमोर असून तिला लेक नव्हती. ती कोणाला न सांगता, पायी, माळावर गेली.

"माझ्या मुलीची माया द्या," ती तमाजीला म्हणाली.

"दाम दिल्यावर तक्रार नाही, राणीसाहेब."

"तक्रार नाही. सौदा आहे."

तमाजीने तिच्याकडे नीट पाहिले. असे गिऱ्हाईक त्याला फार दिवसांत भेटले नव्हते. "मग बाजाराचा जुना नियम ऐका. मी तीन माल दाखवीन. दाम देण्याआधी तिन्हींतले उणे शोधलेत, तर माझा बाजार उठला, आणि आजवर जे जे उणे दिले ते ज्याचे त्याला परत. एकही चुकलात, तर तुम्ही माझ्या फळीवरचा माल."

"हा नियम आधी कोणाला सांगितला नाही?"

"विचारायला कोणी आलेच नाही," साळुंकी म्हणाली.

पहिला माल तांब्याची घागर. दाम, राणीच्या केसांतला काळेपणा. गोमतीने घागर हातात घेतली, कितीतरी वर्षांनी टिचकी मारली. आवाज खणखणीत. दुसरीकडून मारली, तिथूनही खणखणीत. आत डोकावली तर तळ लखलखत होता. दुसरे कोणी असते तर इथेच थांबले असते. गोमतीने बाही सारली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी बोटांना काही लागेना.

"हिला तळ नाही. दिसतो, पण नाही."

"एक," तमाजी म्हणाला.

दुसरा माल शालू. दाम, राणीची झोप. शालू इतका सुंदर की हात लावायला भीती वाटावी. गोमतीने घडी मोडली आणि उलगडत माळावर चालू लागली. घडीमागून घडी सुटत गेली, बुट्ट्यांमागून बुट्टे येत गेले. खाऱ्या मातीने तळपाय चिरले, सूर्य कलला, तरी ती उलगडतच राहिली. अखेर टोक आले. तिने ते पाहिले, आणि आली तशी दुसऱ्या टोकापर्यंत परत गेली.

"दोन्ही टोकांना साधे काठ. याला पदर नाही."

"दोन." तमाजी आता हसत नव्हता. तो उठला आणि पडद्याआड गेला.

तेवढ्यात साळुंकी हलक्या आवाजात बोलली, "राणी, घागर वाजवलेली विसरते. शालू उलगडलेला विसरतो. जिवंत माल विसरत नाही."

"म्हणजे?"

"बघशील तशी लक्षात राहशील."

पडदा सरला आणि केतकी धावत बाहेर आली. "आई!" म्हणून तिने राणीच्या कमरेला मिठी मारली, तोंड निऱ्यांत खुपसले. राणीच्या लेकीची माया होती ती, मुलीचे रूप घेऊन आलेली. हात ऊन होते. किती महिन्यांत राणीला कोणी आई म्हटले नव्हते. ती मटकन खाली बसली आणि पोरीला पोटाशी धरून रडली.

"दाम फक्त तुमचे डोळे," तमाजी म्हणाला. "द्या आणि घेऊन जा. घरची राजकन्या हिच्यासारखी होईल."

डोळे देऊन टाकावेत असेच राणीला वाटले. पोर मिठीत असल्यावर डोळ्यांनी बघायचे तरी काय उरते? पण तिला तो शिसवी डबीवरून मागे घेतलेला हात आठवला. तिने पोरीची मिठी सोडवली.

तिने केतकीचे केस बाजूला करून कान पाहिले. तोंड उघडायला लावून दात पाहिले, जीभ पाहिली. नखे पाहिली, तळवे पाहिले, गुडघ्यावरचा पडल्याचा व्रण पाहिला. पाठमोरी केली, पुन्हा तोंडाशी वळवली. उन्हात उभी करून सावली पाहिली. पोरीला आधी गुदगुल्या झाल्या, ती हसली. मग हसायची थांबली.

"आई, काय शोधतेस?"

"काही नाही, बाळा."

"माझ्यात काही बिघडलंय का?"

राणीचा हात अडखळला. पण तिने पाहणे थांबवले नाही. आणि उणे काही सापडत नव्हते. नखशिखान्त सगळे जिथल्या तिथे होते.

"दाम?" तमाजीने विचारले.

राणीने घाम पुसला. पोरीला समोर उभे करून विचारले, "केतकी, कारल्याची भाजी खाशील?"

"हो."

"केस विंचरू देशील?"

"हो."

राणी थबकली. केस विंचरायचे म्हटले की तिची लेक राजवाडा डोक्यावर घेई, पलंगाखाली शिरे, चार दासींना आटोपत नसे.

"तुझी बाहुली या काकांना देऊन टाकशील?"

"हो."

"आणि मी निघून गेले तर यांच्याजवळ राहशील? कायमची?"

पोरीच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागले, ओठ थरथरले. "हो, आई," ती म्हणाली.

राणी उभी राहिली. "हिला नकार देता येत नाही."

"राणीसाहेब, तो मी मुद्दाम काढला," तमाजी म्हणाला. "अशा लेकींना लोक जास्त दाम देतात. कधी उलट बोलायची नाही, जन्मभर गळ्यात पडून राहील. आणि पूर्ण लेक घेतलीत तर आत्ताचे सगळे तिच्या लक्षात राहील. विचार करा."

राणीने विचार केला. पोर समोर उभी राहून स्फुंदत होती आणि तरीही हात तिच्याकडेच पसरत होती. हीच घेतली असती तर आंधळ्या राणीच्या मांडीवर ती जन्मभर बसली असती. पण आज जी आपल्या मांडीवर बसेल, ती उद्या जो बोलावील त्याच्या मागे जाईल.

"मला माझी लेक पुरी हवी," राणी म्हणाली. "उणे सापडले आहे. बाजार उठव."

बाजार उठला. फळ्या मिठासारख्या विरघळल्या. तमाजीने चटई गुंडाळून काखेत मारली आणि दुसऱ्या राज्याच्या वाटेला लागला. असली राज्ये काही एकच नसतात. साळुंकीचा दोरा तुटला, ती उडून गेली. राणीसमोरची पोर हवेत विरली. दूर राज्यात सगळ्या घंटा एकदम वाजल्या, पागेतले घोडे चौखूर उधळले, आणि घरोघरी लोकांनी आमटीचा भुरका मारून ती खारट झाल्याची तक्रार केली. फक्त राजाची दहा वर्षे परत आली नाहीत. तो दाम होता, उणे नव्हते.

राणी चिरलेल्या पायांनी घरी पोचली. केतकी राजवाड्याच्या पायरीवर उभी होती. तिने आईला ओळखले. डोळ्यांत माया होती, राग होता, सगळे होते, पहिल्यासारखे. राणीने हात पसरले.

"हात लावू नकोस," केतकी म्हणाली.

"बाळा, तुझ्यासाठीच..."

"तू माझे दात बघितलेस. मी रडत होते आणि तू बघत होतीस. बाबांनी नव्हतं बघितलं."

ती वळली आणि आत जाऊन म्हाताऱ्या राजाच्या मांडीवर बसली. राजाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि राणीला म्हणाला, "लहान आहे. विसरेल."

ती विसरली नाही.

पुढे राजाने दवंडी पिटवली की दाम देण्याआधी माल बघून घेणे हीच राज्याची रीत. दरबाऱ्यांनी राजाच्या दूरदृष्टीची वाखाणणी केली. बायका वांगी उलटून बघू लागल्या, सोनार कसोटी लावू देऊ लागले, खोटा माल आणणारा वेशीवरूनच परत जाऊ लागला. केतकी मोठी झाली, गादीवर बसली. नको तिथे ती साफ नको म्हणे, आणि तिला ठकवील असा व्यापारी त्या काळात जन्माला आला नाही. आईचा मान तिने कधी मोडला नाही. सणावाराला येऊन वाकून नमस्कार करी. आशीर्वादाचा हात डोक्याशी यायच्या आत सरळ उभी राही आणि एक पाऊल मागे सरके. राणीही मग हात आवरून घेई आणि म्हणे, "सुखी राहा."

राज्याचे जसे भरून आले, तसे तुमचे आमचे भरून येवो. आणि राणीचे जे राहिले, ते वैऱ्याचेही न राहो.