कोपऱ्यातली सही

“पण कोपऱ्यात माझी सही कधी होणार, उस्ताद?”

अनुजा बिरनाळेनं हे याआधीही विचारलं होतं. मिरजेत पेंटर हमीद मुजावरांच्या गाळ्यात पाटी कुणीही रंगवो, खालच्या कोपऱ्यात सही पडायची ती एकच : ‘हमीद’.

उस्ताद ब्रश पुसत राहिले. “आधी तुझा तो फॉन्ट दाखव.”

तिनं कागद चटईवर पसरले. उस्तादांच्या जुन्या पाट्यांवरून एकेक अक्षर उचलून तिनं कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवला होता. सुकत आलेल्या ब्रशचे ओरखडे, केसांच्या फटी, वळणावर साचलेला रंग... काही म्हणजे काही गुळगुळीत केलं नव्हतं. चौकाचौकात फ्लेक्सवरून दात विचकणारी मेणचट अक्षरं पाहिली की तिचं डोकं फिरायचं. त्या अक्षरांना उत्तर म्हणूनच तर हा सगळा उद्योग!

उस्ताद वाकले. रंग अजून ओला असावा तसं त्यांनी ‘क’वरून हलकेच बोट फिरवलं.

“इथं माझा ब्रश अर्ध्यात सुकला होता. तेही ठेवलंस?”

“जान तिथंच आहे त्याची.”

“भांडखोर आहेस. पण नजर आहे.”

अनुजाला उकळ्या फुटल्या. उस्तादांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सणच.

बोट पुढं सरकलं. ख, ग, घ... आणि थांबलं.

“हा ‘ङ’?”

अनुजानं कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

“दुकानाच्या पाटीला ‘ङ’ लागत नाही. मी उभ्या जन्मात काढलेला नाही. मग हा कुणाचा?”

“तुमच्याच वळणाचा आहे,” ती ताठ होत म्हणाली. “कुणाच्या बापाला फरक कळणार नाही.”

“माझा ब्रश वळणावर दबतो. हा उसळलाय. कुणाचा?”

“...माझा.”

तिनं कागद ओढला. “खटकत असेल तर काढून टाकते.”

उस्तादांनी तिचा हात बाजूला सारला. कोरी पाटी भिंतीला टेकवली, ब्रश काळ्या रंगात बुडवला. तिचा ‘ङ’ निरखला आणि पाटीवर काढला.

बिघडला.

चिंधीनं पुसला. पुन्हा काढला. पुन्हा बिघडला.

अनुजाला बघवेना. अर्ध्या बाजारपेठेला अक्षर देणारा हा माणूस, पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोरासारखा जीभ दातांत धरून बसला होता...

अखेर उस्ताद मागे सरले. पाटीवर ‘ङ’ उभा होता. तिचा. उसळलेला, ओरखड्यासकट.

कोपरा कोराच होता.

“सही राहिली, उस्ताद.”

त्यांनी ब्रश तिच्यापुढं धरला.

“दुसऱ्याच्या अक्षराखाली मी सही करत नाही.”