गोजराला भांडायचं होतं

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राज्य कोणाचं होतं, हे आता कोणालाच आठवत नाही. पण एका गावात नदीकाठी सगळ्या बायकांचा मिळून एक मळा होता, एवढं मात्र नक्की.

मळ्यात काय लावायचं, पाणी कोणी द्यायचं, हे ठरवायला बायका टेकडीवरच्या देवीच्या देवळात जमत. तिथे हसणं-खिदळणं चाले आणि भांडणंही कडाडून होत.

त्याच गावात गोजरा राहायची. तिचे पाय लहानपणीच गेले होते. ती हात टेकत, सरकत चाले. टेकडीच्या पायऱ्या तिला चढता येत नसत. बायका मनाच्या चांगल्या. "बिचारी कशाला येईल एवढ्या वर?" असं म्हणत त्या दर तोडणीला तिच्या वाट्याच्या भाजीची पाटी तिच्या दारात नेऊन ठेवत, तीही सगळ्यांत भरलेली.

एके दिवशी गोजराने पाटी परत पाठवली.

झालं! बायकांचा पारा चढला. "एवढं करा, आन् वर हिचा तोरा बघा!" त्यांच्यातली सर्वांत वडीलधारी राहीआजी जाब विचारायला गेली.

"काय गं, भाजी कडू लागली व्हय?"

"न्हाई आजी," गोजरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "भाजी काय, दारावर आलेल्या भिकाऱ्यालाबी मिळती. पर औंदा वांगी लावायची का दोडकी, हे मला कुनी इचारलं? तुमी वर भांडता, त्याचा आवाज हितवर येतो. मलाबी भांडायचंय."

इतकी वर्षं आपण हिला पोटभर खाऊ घातलं आणि एक शब्दही बोलू दिला नाही, हे राहीआजीला तेव्हा कुठे उमगलं. फार वाईट वाटलं तिला.

पुढची बैठक टेकडीखाली, चिंचेच्या सावलीत भरली. काहींनी नाकं मुरडली, देवीसमोरून हलायचं कशाला म्हणाल्या. आजी म्हणाली, "देवीला खालचंबी ऐकू येतं."

गोजरा सरकत आली आणि आल्या आल्या वांग्यांसाठी हिरिरीने भांडली. वांग्याला कीड फार लागते, असं म्हणून बायकांनी तिचं बोलणं खोडून काढलं. ती हरली. मळ्यात दोडकीच लागली, आणि त्यांतली एक सरी खुरपायचं काम गोजराच्या वाट्याला आलं.

"पुढच्या खेपेला बघते एकेकीला!" असं बडबडत गोजरा घरी गेली. इतकी खूश ती गावाला कधी दिसली नव्हती.

तात्पर्य : माणसाला वाटा दिला की आपलं काम संपत नाही, वाटा ठरवताना त्याला शेजारी बसवून घ्यावं लागतं.