सहा फुटी सर्जेराव

चिंचखोऱ्यात सर्जेराव नावाचा एक शेतकरी होता आणि त्याच्याकडे एक मिनी ट्रॅक्टर होता. दोघांत ट्रॅक्टर जास्त समजूतदार. सर्जेरावाचं रान डोंगराच्या पायथ्याला, अरुंद पट्ट्यांचं. मोठा ट्रॅक्टर तिथं वळतच नसे. हा अठरा एचपीचा जीव मात्र गुमान वळायचा आणि कधी कुरकुर करायचा नाही.

त्या वर्षी सर्जेरावाच्या बायकोनं, हौसाबाईनं, रानात आलं लावायचं ठरवलं. बियाणं तिनं महिनाभर सावलीत जपलं होतं. त्याला डोळे फुटले होते. अक्षय्य तृतीयेला लागवड, त्यासाठी मजूर बायका सांगून झालेल्या. आता फक्त माती रव्यासारखी बारीक करायची होती. ती वेळेत झाली नाही, तर सगळं बियाणं सुकून वाया जाणार होतं.

"ढेकळं फोडायला तेवढा रोटाव्हेटर आणा," हौसाबाई म्हणाली. "आपल्या ट्रॅक्टरला पेलंल असा."

सर्जेराव तालुक्याच्या दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, "ट्रॅक्टर केवढा आहे?"

"ते राहू द्या. आमच्या भावकीतल्या आनंदरावानं केवढा नेलाय?"

"पाच फुटी. पण त्यांचा ट्रॅक्टर पन्नास एचपीचा आहे. तुमच्या मिनीला साडेतीन फुटी पुष्कळ झाला."

सर्जेरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आनंदा माझा धाकटा चुलतभाऊ. त्याचा पाच आणि माझा साडेतीन? गावात तोंड कसं दाखवू? सहा फुटी काढा!"

दुकानदारानं दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावणं दुकानदारीत बसत नाही, म्हणून त्यानं सहा फुटी काढला.

रानात जायच्या आधी रोटाव्हेटर पेंटरकडे गेला. त्याच्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलं गेलं: 'सर्जेराव. नाद करायचा नाय.'

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी रानात पूजा ठेवली. सर्जेरावानं गावातली सगळी वजनदार माणसं बोलावली. डेअरीचे चेअरमन आले, माजी सरपंच आले. दोघंही कडक इस्त्रीत. भावकी म्हणून आनंदरावही आला आणि मागं उभा राहिला. रोटाव्हेटरला हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. सर्जेराव मिशीला पीळ देत ट्रॅक्टरवर बसला आणि त्यानं मागं जोडलेला रोटाव्हेटर उचलायचा दांडा ओढला.

रोटाव्हेटर जागचा हलला नाही. ट्रॅक्टरच उचलला गेला. पुढची दोन्ही चाकं हळूहळू वर आली आणि सर्जेराव आभाळाकडे तोंड करून बसला. त्यानं दांडा सोडला, चाकं खाली आली. पुन्हा ओढला, चाकं पुन्हा वर.

"फुडं वजन पायजे," कुणीतरी म्हणालं.

हौसाबाई बियाण्याच्या टोपल्यांपाशी उभी होती. तिचा राग आधीच मस्तकात गेला होता. ती म्हणाली, "वजनदार माणसं बोलावलीत न्हवं? मग बसवा की फुडं!"

चेअरमनांना आधी तो मान वाटला. ते पुढच्या बंपरवर बसले, त्यांच्या शेजारी सरपंच बसले. सहा फुटी खरोखरच उचलला गेला. पोरंठोरं टाळ्या वाजवू लागली. सर्जेरावानं ट्रॅक्टर पट्टीत घेतला आणि पाती मातीत घातली.

ट्रॅक्टर दोनदा खोकला. मग त्यानं असा काही काळा धूर सोडला, की चेअरमनांची टोपी कुठली आणि केस कुठले ते कळेना. जेमतेम हातभर माती उकरली आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद पडलं. पाचव्या वेळी सरपंच उतरले आणि निरोप न घेताच चालू लागले.

सर्जेराव खाली उतरला. हौसाबाई एकेक कोंब हातात घेऊन बघत होती. ती आता चिडलेलीही नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून सर्जेरावाला स्वतःची लाज वाटली. एवढ्या माणसांत तो मिशी विसरून आनंदरावापुढं जाऊन उभा राहिला.

"आनंदा, तुझ्याकडं पयला मिनी होता, त्याचा रोटाव्हेटर हाय का रं?"

"हाय की दादा. साडेतीन फुटी. गोठ्यामागं पडलाय." आनंदराव हसला नाही. "माझ्या पाच फुटीची पाती झिजल्यात. ह्यो सहा फुटी मला द्या, माझा ट्रॅक्टर पेलतोय. वरच्या पैशाचं काय ते सवडीनं बसून ठरवू. आधी वैनींचं रान हुं द्या."

सर्जेराव चाचरत म्हणाला, "पण त्यावर माझं नाव रंगवलंय."

"असू द्या की. भावकीतलंच हाय."

दुपारी साडेतीन फुटी जोडला. मिनी ट्रॅक्टर गुणगुणत पट्ट्या फिरला आणि दिवस मावळायच्या आत माती रव्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी लागवड सुरू झाली. हौसाबाईनं पहिला कोंब सर्जेरावाच्या हातून लावून घेतला.

सहा फुटी अजून आनंदरावाच्या मोठ्या ट्रॅक्टरमागं डौलात गावभर फिरतो. पाठीवर लाल अक्षरं तशीच आहेत. ती वाचून कुणी सर्जेरावाला मुद्दाम विचारतं, "मग तुमच्याकडं आता किती फुटी?"

"ते माझ्या ट्रॅक्टरला इचारा," सर्जेराव म्हणतो. "मी एकदा भावकीचं माप इचारून बसलोय."

चेअरमन मात्र तेव्हापासून कुणी पूजेचं आमंत्रण घेऊन आलं, की आधी विचारतात, "कशावर बसायचंय?"

तात्पर्य: अवजार असो की हौस, माप आपल्या ट्रॅक्टरचं घ्यावं, शेजारच्या गोठ्यात डोकावून घेतलेलं माप आपलीच चाकं जमिनीवरून उचलतं.